बटणाला बांधलेली ट्यूबची पट्टी

पत्र, थोडक्यात : पत्रलेखक चौतीस वर्षांचे आहेत. भोसरी एमआयडीसीत वडिलांनी उभा केलेला प्रेसशॉप गेली तीन वर्षं ते सांभाळतात. ४६ माणसं, ११ पॉवर प्रेस (पत्रा साच्यात दाबून आकार देणारी मशीन), दोन ड्रिल मशीन. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्या एका मोठ्या व्हेंडरसाठी ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतात. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या पाळीत हिंगोलीकडच्या एका तेवीस वर्षांच्या ऑपरेटरची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. प्रेस चालवायला दोन हातांनी दोन बटणं दाबावी लागतात. त्यानं एक बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून कायमचं दाबून ठेवलं होतं. मग पत्रलेखकांनी पोस्टर लावली, सीसीटीव्ही बसवला, ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सगळ्यांना शपथ दिली. ग्लोव्हज किंवा गॉगल नसेल तर २०० रुपये दंड ठेवला आणि महिन्यात एकही अपघात झाला नाही तर प्रत्येकाला ५०० रुपये जाहीर केले. पाच महिने बक्षीस वाटलं. मग कळलं की मधल्या काळात एका हेल्परच्या तळहाताला सात टाके पडले होते. पोरांनी वर्गणी काढून त्याला खासगी दवाखान्यात नेलं आणि बातमी ऑफिसपर्यंत येऊ दिली नाही. त्याच आठवड्यात दोन प्रेसच्या बटणांना पुन्हा पट्ट्या सापडल्या. वडील म्हणतात, 'ही माणसं सुधारायची नाहीत.' पत्रलेखक विचारतात : ज्यांना स्वतःच्या बोटांचीही काळजी नाही, त्यांना सुरक्षित वागायला लावायचं कसं? दंड वाढवू की बक्षीस?

सप्रेम नमस्कार.

या सदरात कारखान्याचं पत्र आलं तर ते बहुधा कामगाराच्या बायकोचं असतं. मालकानं लिहावं, आणि आपणच ठेवलेल्या बक्षिसानं घोळ केला हे कबूल करून लिहावं, असं क्वचितच होतं. त्यामुळे मीही हातचं न राखता लिहिते. बावीस वर्षं मी याच पट्ट्यात कामगार कल्याण अधिकारी होते. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं मी चुका करून शिकले आहे, आणि त्यातली एक चूक तुमच्या चुकीची सख्खी बहीण आहे. तिच्याकडे येतेच.

आधी 'स्वतःच्या बोटांची काळजी नसलेली माणसं' हे बाजूला ठेवू. अशी माणसं मी पाहिली नाहीत. तुमचेच ऑपरेटर गुरुवारी सुट्टीला घरी नारळ फोडताना बोटं सांभाळतात. पोराला गाडीवर पुढं बसवलं की खड्डा बघून चालवतात. तेच लोक गेटमधून आत आले की बेफिकीर होत असतील, तर गेटच्या आत काय आहे ते पाहायला हवं.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की त्या प्रेसचं टार्गेट पाळीला ४,५०० नग आहे आणि वर गेलं तर इन्सेंटिव्ह. मी कागद घेऊन बसले. आठ तासांतून अर्धा तास जेवण, दोनदा दहा-दहा मिनिटं चहा. उरतात २५,८०० सेकंद. त्याला ४,५०० नं भागलं तर एका नगाला पावणेसहा सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, उचलायचा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, नीट बसवायचा, हात बाहेर घ्यायचा, दोन्ही बटणं दाबायची, स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा फटका, पडू द्यायचा, नग काढून बिनमध्ये टाकायचा. भरलेला बिन हलवणं, डायवर तेल मारणं, अडकलेला तुकडा काढणं, लघवीला जाऊन येणं, हे सगळंही त्याच सेकंदांतून. आता एक बटण बांधलं की डावा हात मोकळा होतो. उजवा बटणावर, डावा डायमध्ये. नगामागे एकच सेकंद वाचला असं धरा. पाळीला ४,५०० सेकंद होतात. सव्वा तास!

हा सव्वा तास तुम्ही त्यांच्याकडे मागितलात. पोस्टरवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलंत आणि टार्गेटच्या फळ्यावर सव्वा तास मागितलात. पोरांनी दोन्ही वाचलं आणि ज्याचे पैसे मिळतात ते ऐकलं. माझी पहिली विनंती हीच आहे की उद्या स्टॉपवॉच घेऊन त्या प्रेसजवळ उभं राहू नका. तुम्ही उभे राहिलात तर तो दोन्ही बटणं दाबेल आणि टार्गेटही काढून दाखवेल, दहा मिनिटं. स्वतः बसा. दोन्ही बटणं दाबत, न चुकता, अर्धा तास. मग आलेला आकडा दुप्पट करून पाळीतल्या कामाच्या तासांनी गुणा, त्यातून थकव्याचे थोडे वजा करा. तुमचा आकडा ३,८०० आला तर टार्गेट ३,८००. हे तुम्हाला महागात पडेल, मला कल्पना आहे. पण आत्ता तो फरक कोण भरतंय?

दुसरी गोष्ट शिकवण्याची. महिन्याचे २६ दिवस धरले तर ऑपरेटर १ लाख १७ हजार स्ट्रोक मारतो. बटण बांधून मारलेला प्रत्येक स्ट्रोक त्याला एकच धडा देतो, काही होत नाही. एवढ्या शिकवणीसमोर ४ मार्चच्या दोन मिनिटांच्या शपथेची काय कथा? अपघात आठ-दहा वर्षांत एकदा होतो. वेळ मात्र दर सहा सेकंदांना वाचतो. कोणत्याही माणसाचं मन दुसऱ्या गोष्टीकडेच झुकतं. तुमचंही झुकतं, नाहीतर आकुर्डीच्या चौकात रात्री अकराला आपण सगळेच लाल दिव्याला थांबलो असतो.

'चूक कामगाराची' हे सांगणारा एक जुना आकडा तुमच्या कानावर आला असेल, कारण सेफ्टीच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तो दाखवतात : शंभरातले ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यानं. हा आकडा अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिकचा, १९३१ सालच्या पुस्तकातला. तो काढला होता विम्याच्या दाव्यांच्या फायलींवरून आणि कारखान्यांनी लिहून दिलेल्या अहवालांवरून. अहवाल लिहिणारे बहुतेक सुपरवायझर. सुपरवायझर 'कारण' या रकान्यात काय लिहितो हे मी बावीस वर्षं पाहिलंय : 'कामगाराचा निष्काळजीपणा'. कधी 'स्वतःचा निष्काळजीपणा'. एवढं लिहिलं की फाइल बंद होते. तुमच्या फायलीतही हेच दोन शब्द असतील, असं मी धरून चालते.

आता पट्टीकडे नीट बघा, कारण पट्टी तुम्हाला काहीतरी सांगतेय. बटण बांधून प्रेस चालते, याचाच अर्थ तुमचं सर्किट साधं आहे. दोन बटणं मालिकेत जोडली आहेत, दोन्ही दाबलेली दिसली की स्ट्रोक पडतो. दोन हातांच्या नियंत्रणाचे रिले मिळतात, त्यात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडत नाही. तिथं ट्यूबची पट्टी बांधली तर प्रेस चालणारच नाही. म्हणजे पोरांना दंड करण्याआधी, सीसीटीव्हीच्या आधी, इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं होतं.

त्यातही एक मेख आहे. ११ पैकी किती प्रेस पिन क्लचच्या आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. भोसरीतल्या जुन्या शेडमध्ये बऱ्याचदा त्याच असतात. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की फेरा पूर्ण करूनच थांबते, मध्ये थांबवता येत नाही. म्हणून तिच्यावर हजारो रुपयांचा लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, लावला तरी तो शोभेचा. शिवाय पिन किंवा स्प्रिंग झिजली की कुणी काही न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो. डबल स्ट्रोक. तेव्हा दोन्ही बटणं मनोभावे दाबून नग काढायला हात घालणारा, सगळे नियम पाळणारा माणूससुद्धा बोटं गमावतो, आणि फाइलमध्ये तेच दोन शब्द जातात. अशा प्रेसला डायभोवती पक्की जाळी हवी, ब्लँक आत सरकेल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवून. नग बाहेर फेकायला इजेक्टर, उतरायला घसरण. ते होईपर्यंत चिमटा किंवा चुंबकाची दांडी. टप्प्याटप्प्यानं न्यूमॅटिक क्लचवर जा, हवेच्या दाबावरचा हा क्लच फेरा मध्येच थांबवू शकतो. सगळ्या ११ एकदम नाही जमणार. ज्या डायमध्ये हात सर्वांत खोल जातो ती आधी घ्या. ती कोणती, हे ऑफिसात बसून ठरवू नका. ऑपरेटरला विचारा, 'तुझ्या भावाला कोणत्या प्रेसवर बसवणार नाहीस?' मी हा प्रश्न विचारत असे. उत्तर द्यायला कुणीच पाच सेकंदांहून जास्त घेतले नाहीत.

धोक्याच्या भागाला संरक्षण बसवणं ही जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यातही मालकाची होती आणि आजही त्याचीच आहे, हे सांगायला मला आवडत नाही, कारण ते धमकीसारखं वाटतं. पण दंडाची पावती फाडणाऱ्या माणसानं ते एकदा वाचावं. बोटं जाण्यात तुमचा प्रेसशॉप काही एकटा नाही. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या लहान कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. तिचं काम मुख्यतः हरियाणात सुरू झालं, पण त्यातली गोष्ट ओळखीची आहे : पॉवर प्रेस, बोटं, आणि घरापासून लांब आलेली तरुण पोरं.

आता दंड. तुम्ही लिहिता, 'ड्रिलवरचा एक जुना माणूस तर तीनदा दंड भरूनही ग्लोव्हज घालायला तयार नाही, इतका हट्टी.' हे वाक्य वाचून मी कपाळावर हात मारला. अहो, तो बरोबर आहे! फिरत्या ड्रिलवर ग्लोव्हज घालायचेच नसतात. कापडाचा एक धागा बिटमध्ये अडकला की हात आत ओढला जातो. हे त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही, आणि ६०० रुपये त्यानं भरले. ते पैसे त्याला परत करा. पाकिटातून गुपचूप देऊ नका, पाळी बदलताना सगळ्यांसमोर द्या आणि 'माझं चुकलं, तुम्ही का घालत नव्हता ते मी विचारायला हवं होतं' एवढं म्हणा. पाच महिन्यांच्या पोस्टरांनी जे झालं नाही त्याची सुरुवात या एका वाक्यानं होईल, असं मला वाटतं. आजपर्यंत तिथं मत असणाऱ्याला दंड झालेला आहे. मग मत कोण सांगेल?

दंडाचा हिशोबही तपासा. वेतनातून दंड कापायला मर्यादा आहे, एका वेतन-काळात वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच. १६,००० पगार असेल तर ४८० रुपये, म्हणजे एका महिन्यातला तिसरा २०० चा दंड बेकायदा. त्याआधी कोणत्या गोष्टींना दंड आहे याची यादी मंजूर करून नोटीस लावावी लागते, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, नोंदवहीत लिहावं लागतं, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरावा लागतो. हे सगळं केलं तरीही माझं मत दंडाच्या विरोधात आहे. दंडानं माणूस काय शिकतो? कॅमेरा कुठं आहे ते. तुमच्या दोन पट्ट्या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूच्या प्रेसवर सापडल्या, हे तुम्हीच लिहिलंय.

बक्षीस मात्र दंडापेक्षा घातक ठरलं. ४६ माणसं, ५०० रुपये, पाच महिने : १ लाख १५ हजार. एवढ्या पैशांत तुम्ही काय विकत घेतलंत? गप्प बसणं. त्या हेल्परच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हात फाटलाय, रक्त वाहतंय, आणि डोक्यात काय? आपल्यामुळे ४५ जणांचे पाचशे जाणार. पोरांनी वर्गणी काढली हे मला तर फार चांगलं लक्षण वाटतं. एकमेकांसाठी खिशात हात घालणारी माणसं आहेत ती. तुम्ही ती माया तुमच्याविरुद्ध उभी केलीत, एवढंच.

माझी चूक आता सांगते. आमच्या कारखान्याच्या गेटवर मोठा फळा होता, 'अपघाताविना आज इतके दिवस'. आकडा चारशेच्या पुढं गेला होता आणि वरिष्ठ येऊन फोटो काढून जायचे. एका फिटरच्या पायावर जॉब पडून घोट्याचं हाड मोडलं. तो घरी राहिला असता तर 'बुडालेला दिवस' धरावा लागला असता आणि फळा शून्यावर आला असता. म्हणून रोज सकाळी कंपनीच्या खर्चानं रिक्षा त्याच्या घरी जायची. त्याला प्लास्टरसकट आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचे, संध्याकाळी परत सोडायचे. सहा आठवडे. त्याच्या हजेरीवर सही मी करत होते. तो मला रोज हसून नमस्कार करायचा. फळ्याचा आकडा वाढत राहिला आणि पुढची दोन वर्षं माझ्याकडे कुणी येऊन 'मॅडम, तिथं जरा बघा' असं म्हणालं नाही.

याचं मोठं रूप जगानं पाहिलंय. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या तळावर कंपन्यांचे अधिकारी आले होते. सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही, म्हणून कौतुक करायला. त्याच रात्री स्फोट होऊन ११ माणसं गेली. घसरणं, पडणं, बोट चेमटणं यांचे आकडे चोख होते. विहिरीत काय चाललंय ते त्या आकड्यांत दिसत नव्हतं.

मग बक्षीस बंदच करायचं? एकदम बंद केलंत तर पोरं म्हणतील, हेल्परचं बिंग फुटलं म्हणून मालकानं आमचे पाचशे खाल्ले. ते पगारात मिळवून टाका आणि विषय संपवा. यापुढे मोजायचंच असेल तर जे घडावंसं वाटतं ते मोजा. जुडिथ कोमाकी आणि सहकाऱ्यांनी एका बेकरीत केलेला प्रयोग १९७८ मध्ये छापून आला. अपघात मोजायच्या ऐवजी त्यांनी सुरक्षित कृती मोजल्या. कामं सुरक्षित पद्धतीनं किती वेळा होतात, ते पाहून भिंतीवरच्या आलेखात मांडायचं, आणि सुपरवायझरनं नीट केलेल्या कामाबद्दल जागच्या जागी बोलायचं. दोन विभागांत हे प्रमाण ७० आणि ७८ टक्के होतं, ते ९६ आणि ९९ च्या घरात गेलं. ना दंड, ना बक्षिसाचा प्रेशर कुकर. पण त्या प्रयोगातला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग पुढचा आहे. आलेख आणि बोलणं थांबवल्यावर आकडा पुन्हा सत्तरीच्या आसपास आला. चटकन सुधारलेलं वागणं कुणी बघत नसेल तर तितक्याच चटकन ओसरतं. म्हणून हे वर्षातून एका आठवड्याचं काम होऊ शकत नाही.

तुमच्याकडे हे कसं करायचं? बुधवारी पाळी संपायच्या आधी वीस मिनिटं प्रेस बंद करा, गुरुवारची सुट्टी समोर असते, माणसं खुशीत असतात. ही वीस मिनिटं पगारी, आणि त्या दिवसाच्या टार्गेटमधून वजा. दोन ऑपरेटर, दर आठवड्याला वेगळे, सगळ्या प्रेस फिरून बघतील : जाळी जागेवर आहे का, रिले चालतो का, पेडलवर झाकण आहे का, खाली तेल सांडलंय का. जे नीट आहे त्याचा आकडा फळ्यावर. जे नीट नाही त्याच्यापुढे दुरुस्तीची तारीख, आणि त्या तारखेपुढे तुमची सही. तारीख चुकली तर फळ्यावर तुमचं नाव लाल राहील. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कुणी काही सांगणार नाही. चौथ्या आठवड्यात कुणीतरी पंखा बंद आहे असं सांगेल. तो पंखा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करा. माणसं पंख्यानं परीक्षा घेतात, डबल स्ट्रोकची गोष्ट नंतर येते. 'काल थोडक्यात वाचलो' असं कुणी येऊन सांगितलं तर त्याला कारणं विचारत बसू नका, चहा पाजा आणि ती प्रेस थांबवा.

सुपरवायझरबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, आणि खरी किल्ली तिथं आहे. रात्री साडेनऊला व्हेंडरची गाडी गेटवर उभी असते, चारशे नग कमी असतात. त्या वेळी सुपरवायझर पट्टी बांध असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'बघ ना जरा, आजच्या दिवस.' ऑपरेटरला बरोबर कळतं. त्याच सुपरवायझरनं हेल्परला प्रेसवर बसवलं होतं का, हेही विचारा. तळहाताला सात टाके झाडू मारून पडत नाहीत. इस्रायलमधल्या डोव्ह झोहर या संशोधकानं सुपरवायझर माणसांशी सुरक्षिततेबद्दल किती वेळा बोलतो, एवढंच वाढवायचा प्रयत्न केला, आणि किरकोळ इजा कमी झाल्या. कामगारांना वेगळं प्रशिक्षण दिलंच नव्हतं. तुमचा सुपरवायझर बोलेल तेव्हाच, जेव्हा गाडी रिकामी परत गेल्यावर तुम्ही त्याला फैलावर घेणार नाही अशी त्याला खात्री असेल. ती खात्री तोंडी देता येत नाही. एकदा खरंच गाडी उभी असताना तुम्ही स्वतः प्रेस बंद करा आणि सगळ्यांच्या देखत व्हेंडरला फोन लावा की माल सकाळी येईल. ती गोष्ट दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या चहापर्यंत सगळ्या शेडमध्ये पसरलेली असेल.

ज्यांच्याकडे प्रेस नाही अशा वाचकांसाठी दोन ओळी. इमारतीला रंग देणारा झुल्यावर बेल्ट घालतो, पण हुक अडकवायला वर काहीच नसतं, तेव्हा 'हुक का नाही अडकवला' हा प्रश्न त्याला विचारू नका. इचलकरंजीत मागावरचा माणूस कानात बोळे घालत नाही, कारण आवाजावरूनच त्याला माग बिघडल्याचं कळतं. प्रत्येक धंद्यात ट्यूबची एक पट्टी असते. ती कुणी बांधली हे शोधायला वेळ लागत नाही. तिच्यामुळे काय सोपं झालं, हे विचारायला थोडा लागतो.

वडिलांशी भांडू नका. त्यांनी पिन क्लचच्या प्रेसवर स्वतः बसून हा कारखाना उभा केला असणार, आणि त्यांची दहाही बोटं शाबूत असतील तर ती आपल्या सावधपणामुळेच असं त्यांना वाटणं साहजिक आहे. खंडेनवमीला तुमच्याकडे प्रेस पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालत असतीलच. त्या दिवशी बंद मशीनजवळ उभे राहून त्यांना विचारा, 'बाबा, तुमचं कधी थोडक्यात वाचलं होतं?' सांगतील. पोरांनाही ऐकू द्या.

हेल्परला आणि वर्गणी काढणाऱ्यांना जाब विचारू नका. दवाखान्याचं बिल मागून घ्या, पैसे परत करा. आणि त्या सर्वांना एक गोष्ट समजावून सांगा जी त्यांना बहुधा कुणी सांगितलेली नाही : कामावरची जखम लपवली तर ईएसआयसीकडे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा महामंडळाकडे, अपघाताची नोंद होत नाही, आणि उद्या हाताची पकड गेली तर ती कामावर गेली हे सिद्ध करणं अवघड होतं. नोंद असेल तर बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के मिळतात, अपघात नोकरीच्या पहिल्या दिवशी झाला असला तरी.

शेवटी मला खटकलेली गोष्ट. हिंगोलीचा तो मुलगा तुमच्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आहे आणि नंतर कुठंच नाही. तो कुठं आहे? गावी गेला का? परत येणार असेल तर त्याला कोणतं काम देणार? तुमची ४६ माणसं रोज हाच प्रश्न एकमेकांना विचारत असणार, आणि तुम्ही त्यांची काळजी करता की नाही याचं उत्तर ती पोस्टरवर शोधत नाहीत. दोन बोटं गेली म्हणजे कायमचं अपंगत्व. त्याची कमाई किती घटली ते ईएसआयसीचं वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि त्यानुसार त्याला दरमहा रक्कम मिळू शकते. पण त्यासाठी त्याचे कागद पुढं जायला हवेत. हे पत्र वाचून झालं की त्याला फोन लावा, मंडळाची तारीख मिळाली का ते विचारा. नसेल मिळाली, तर त्याला दोष देण्याआधी ऑफिसातलं कपाट उघडून अपघाताचा अहवाल खरंच पाठवला गेला होता का, ते बघा.